उरलेल्या भाकरीचा हिशेब

या खेपेला आलेली बहुतेक पत्रे घरखर्चाविषयी आणि घराघरांत वाया जाणाऱ्या अन्नाविषयी आहेत. सोयाबीन आणि तुरीचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात, किराणा मात्र दर महिन्याला लागतो, त्यामुळे हा विषय मराठवाड्यातल्या कोणत्याच घराला परका नाही. पत्रे मोठी होती. त्यांचा गाभा ठेवून ती येथे देत आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे सहा माणसांचे एकत्र कुटुंब आहे. रोज रात्री दोन-तीन भाकरी, वाटीभर भाजी आणि थोडा भात उरतोच. अन्न टाकायचे नाही, असा सासूबाईंचा दंडक असल्यामुळे सकाळी बाकीच्यांसाठी ताजा स्वयंपाक करते आणि शिळे मी एकटी खाते. माझ्यामुळे घरात काटकसर होते, असे सगळे कौतुकाने म्हणतात. मला मात्र आता त्याचा वीट आला आहे आणि पित्तही वाढले आहे. मी काय करावे?
(एक गृहिणी, सेलू, जि. परभणी)

उत्तर : तुमच्या पत्रासारखी पत्रे या सदराकडे वारंवार येतात, आणि दर वेळी ती वाचून मन अस्वस्थ होते. अन्न टाकू नये हे सासूबाईंचे म्हणणे अगदी रास्त आहे, परंतु तुमच्या घरात सध्या काटकसर होत नाही, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जास्तीच्या भाकरीचे पीठ, भाजीचे तेल आणि दोन्हींचा गॅस रात्रीच खर्च होऊन गेलेला असतो. सकाळी ते शिळे तुमच्या ताटात वाढल्याने त्यातला एक पैसाही परत येत नाही. उलट, तुम्ही ते निमूटपणे संपवता म्हणून रोज किती जास्त होते, हे घरात कोणालाच दिसत नाही.

जरा हिशेब मांडून पाहा. तीन भाकरींना साधारण पाव किलो पीठ लागते. रोज तीन भाकरी उरल्या तर महिन्याला साडेसात किलो आणि वर्षाला ९० किलो ज्वारी होते, म्हणजे जवळजवळ एक क्विंटल. हा आकडा एकदा सासूबाईंच्या आणि घरातल्या पुरुषांच्या कानावर घाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला साधारण ६० टक्के वाटा घराघरांतल्या स्वयंपाकाचा होता. हॉटेले आणि मंगल कार्यालये यांच्याकडे आपण बोट दाखवतो, पण गळती मुख्यत्वे आपल्याच परातीतून होते.

त्यामुळे उपाय माप घेतानाच करायला हवा. रात्री किती काय उरले ते आठवडाभर कॅलेंडरवरच्या त्या त्या तारखेखाली लिहून ठेवा. कोणत्या वारी जास्त उरते, कोण बाहेर खाऊन येतो, कोणाची भूक कमी झाली आहे, हे आपोआप कळते. ज्वारीच्या भाकरीची एक सोय अशी की तिचे पीठ एकदम मळून ठेवावे लागत नाही, एकेका भाकरीपुरते मळता येते. शेवटच्या दोन-तीन भाकरींचे पीठ परातीत कोरडेच राहू द्यावे आणि जेवणारी माणसे पानावर बसल्यावर विचारून मळावे. लागले नाही तर ते कोरडे पीठ चाळून डब्यात परत जाते. दळणही आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे, कारण पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो, थापताना भाकरी तुटते आणि तुटलेली भाकरी कोणी आवडीने खात नाही. तांदूळ ओंजळीने न घेता वाटीने मोजावेत. भाकरीच्या जोडीला भात असेल, तर मोठ्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडे तांदूळ भरपूर होतात.

एवढे करूनही काही ना काही उरणारच. तेव्हा घरात एकच नियम करा, की जे उरेल ते सकाळी सगळ्यांच्या न्याहारीला असेल. शिळी भाकरी कुस्करून त्यात ताक, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि मीठ घातले तर उन्हाळ्यात त्याहून चांगली न्याहारी नाही. थंडीत तीच भाकरी शेंगदाणे आणि कढीपत्त्याच्या फोडणीत परतावी. वरण किंवा पालेभाजी उरली असेल तर धपाटे करावेत. त्यासाठी ज्वारीचे पीठ, त्याच्या निम्म्याने कणीक आणि मूठभर बेसन घेऊन ते उरलेल्या वरणातच मळावे, वरून पाणी घालू नये. तीळ, ओवा, लसूण आणि तिखट घालून ओल्या कापडावर पातळ थापावे, कापडासकट तव्यावर पालथे घालून कापड अलगद सोडवून घ्यावे आणि मधे बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडावे. अशा धपाट्यांना शिळे म्हणून कोणी नाव ठेवत नाही आणि ते तुमच्या एकटीच्या ताटातही उरत नाहीत.

भाताच्या बाबतीत मात्र सावध राहा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात परातीत पसरून लवकर गार करावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी एकदाच चांगली वाफ काढून संपवावा. घरात फ्रिज नसेल, तर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असताना भात उरणार नाही इतकाच शिजवणे, हाच खरा उपाय आहे.

पित्तासाठी डॉक्टरांना अवश्य दाखवा. औषधाचा खर्चही घरखर्चातच मोडतो.

प्रश्न : माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. ७२ च्या दुष्काळात मी नवीन लग्न होऊन सासरी आले होते. खडी फोडायच्या कामावर जात होतो, सुकडी खाल्ली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आता सून भाकरीच्या कडेला थोडी बुरशी दिसली तरी सगळी टोपली रिकामी करते, शेंगदाण्यांना वास आला म्हणून किलोभर शेंगदाणे फेकून देते. मी म्हणते, खराब तेवढे काढावे आणि बाकीचे खावे, नाहीतर गुरांना घालावे. आमच्यात यावरून रोज बोलाचाली होते. बरोबर कोणाचे?
(एक आजी, अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : आजी, ज्यांनी मिलोची भाकरी मोजून वाटून खाल्ली, त्यांचा हात अन्न टाकताना थरथरणारच, आणि आपल्या सूनबाईंनी हे समजून घ्यावे, असे मी त्यांनाही या उत्तरातून सांगते. तरीही आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टींत सूनबाईंचे बरोबर आहे.

भाकरी, पोळी किंवा पाव यांवर बुरशीचा जेवढा ठिपका दिसतो, त्याहून तिचे तंतू आत लांबवर गेलेले असतात. मऊ पदार्थातला डाग काढून टाकल्याने उरलेला भाग निर्धोक होत नाही. शेंगदाण्यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. दमट जागी राहिलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर जी हिरवट-पिवळट बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृताला घातक असते, दीर्घकाळ पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाला कारण होते, आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही. असे दाणे म्हशीला घातले तर त्या विषाचा अंश दुधातून पुन्हा घरातल्या लेकरांच्या पोटात येतो. म्हणून खवट, काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी आलेले दाणे गुरांनाही घालू नयेत. ते उकिरड्यातच पुरावेत.

सूनबाईंना माझे सांगणे असे की, किलोभर शेंगदाणे टाकायची वेळ आली याचा अर्थ ते पावसाळ्यात नीट ठेवले गेले नाहीत. शेंगा सोलून दाणे साठवण्यापेक्षा वाळलेल्या शेंगाच साठवाव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात. टरफलात दाणा अधिक काळ चांगला राहतो. हे काम आजींइतके नेटके दुसरे कोणी करणार नाही, तेव्हा ते त्यांच्याकडेच सोपवावे. तसेच पाकिटावरच्या तारखा वाचताना घाई करू नये. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलेली तारीख उलटली की तो पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख मात्र चव आणि दर्जा यांविषयी असते. तिच्यानंतर दोन दिवसांनी रव्याचे बंद पाकीट डोळे झाकून फेकण्याचे कारण नाही. उघडून, पाहून, वास घेऊन ठरवावे.

प्रश्न : आम्ही दरवर्षी घरच्या शेतातली ज्वारी, तूर आणि हरभरा वर्षभरासाठी ठेवतो. श्रावण येईपर्यंत ज्वारीला टोके आणि हरभऱ्याला भुंगे लागतात, आणि पोतेभर धान्य कोंबड्यांना घालावे लागते. शेजारी धान्यात कीडनाशक गोळ्या टाकतात. आम्हीही टाकाव्यात का?
(एक शेतकरी, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : उत्तराचा शेवट आधी सांगते, कारण तो जिवाशी निगडित आहे. राहत्या घरात त्या गोळ्या टाकू नका. त्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. धान्याच्या खोलीशेजारी झोपलेल्या माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे, या वायूने जीव गेलेले आहेत. बंदिस्त गोदामात प्रशिक्षित माणसाने करायचे ते काम आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत त्याला जागा नाही.

आता साठवणीविषयी. कीड बहुतेक वेळा धान्याबरोबरच घरात येते किंवा जुन्या पोत्यांच्या शिवणीत आणि भिंतीच्या भेगांत टिकून असते. नवे धान्य भरण्याआधी कोठी पूर्ण रिकामी करून झाडावी, भेगा लिंपाव्यात आणि जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावीत. मागच्या वर्षीची पायलीभर ज्वारी तळाशी ठेवून तिच्यावर नवी ओतणे, ही सवय अनेक घरांत आहे आणि तिच्यामुळेच कीड दरवर्षी पुढे चालत येते.

शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतो, तेव्हा उन्हाची ददात नसते. ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस चांगले ऊन द्यावे. धान्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला पाहिजे. ओलावा मोजण्याचे यंत्र आडतीवर असते, आणि ते नसेल तर दाणा दाताखाली कट्कन फुटतो की नुसता चेपतो, ही जुनी परीक्षा कामी येते. उन्हात तापलेले धान्य लगेच पोत्यात भरू नये, कारण ते आत गार होताना ओलावा धरते. ते रात्रभर सावलीत निवू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरावे. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेला घालावा. ओला पाला घातल्याने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होते. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत.

तूर आणि हरभरा यांचे वेगळे आहे. कडधान्यातला भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, आणि ती अंडी कित्येकदा शेतातूनच आलेली असतात. म्हणून उसळीपुरते आणि बियाण्यापुरते दाणे ठेवून बाकीची डाळ उन्हाळ्यातच करून घ्यावी. डाळीला हा भुंगेरा क्वचितच लागतो, आणि डाळ करताना निघालेली चुनी जनावरांच्या कामी येते. डाळीला एरंडेल तेलाचा हलका हात लावून ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरली की पावसाळा निर्धास्त जातो.

प्रश्न : मुलीचे लग्न गावातच करायचे आहे. हजारभर माणसे येतील. कमी पडले तर नाचक्की होते आणि जास्त झाले तर फेकावे लागते. पैसाही जपून वापरायचा आहे. कुठे हात आखडावा?
(एक वधुपिता, औसा, जि. लातूर)

उत्तर : कन्येस आणि जावईबापूंना शुभाशीर्वाद. आपण हा विचार लग्नाआधी करत आहात, याचाच मला आनंद आहे.

पहिला हात अक्षतांवर आखडावा. आपल्याकडे रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता वाटतात. हजार माणसांना प्रत्येकी ५० ग्रॅम धरल्या तरी ५० किलो ज्वारी मंडपातल्या सतरंजीवर तुडवली जाते, आणि रंग लावलेली असल्याने ती नंतर वेचून कोणाच्या मुखी घालण्याजोगी राहत नाही. नवरानवरीजवळच्या मानकऱ्यांना चिमूटभर अक्षता द्याव्यात आणि बाकीच्या मांडवात झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या वाटाव्यात. अनेक गावांनी ही पद्धत स्वीकारलेली आहे आणि तिने कोणाचा मान कमी झालेला नाही.

जेवणासाठी शक्य असल्यास पंगत ठेवा. वाढपी विचारून वाढतो, त्यामुळे पानात कमी टाकले जाते. हातात ताट घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस पुन्हा रांग नको म्हणून एकदाच सगळे वाढून घेतो. आचाऱ्याला सगळा भात एकदम चढवू देऊ नका. निम्म्या पंगती उठल्यावर, उरलेली माणसे मोजून, शेवटचा भात टाकायला सांगा आणि त्यासाठी घरातला एक जबाबदार माणूस भटारखान्यापाशीच उभा करा. बुंदी दोन दिवस टिकते, म्हणून ती थोडी सढळ असली तरी चालते. वरण, भात आणि वांग्याची भाजी यांना ती मुभा नाही. पातेल्यात उरलेले, पानात न वाढलेले अन्न जवळच्या वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला द्यायचे असेल, तर त्यांना आदल्या दिवशीच कल्पना द्या आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते तिथे पोहोचेल अशी गाडीची सोय ठेवा. संध्याकाळी पाठवलेला दुपारचा भात हे दान नव्हे.

उरलेले सगळे गोठ्यात नेऊन ओतण्याची चूक तर मुळीच करू नका. भात, पोळ्या आणि गोड पदार्थ एकदम भरपूर खाल्ले की गाई-म्हशींच्या पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जनावर दगावते. लग्नसराईत पशुवैद्यांना अशा जनावरांसाठी धावपळ करावी लागते.

पिण्याच्या पाण्याचाही विचार करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ज्या लातुरात रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातल्या लग्नांत अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा खच पडलेला पाहवत नाही. जार आणि पेले ठेवा. त्यात पैसाही वाचतो.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. रविवारी आठवड्याची भाजी आणतो, पण गुरुवारपर्यंत मेथी-कोथिंबीर सडते आणि टोमॅटो मऊ पडतात. काय चुकते?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आणण्यात नाही, क्रमात चुकते. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, गवार, भेंडी, वांगी त्यानंतर, दुधी आणि भोपळा आठवड्याच्या शेवटी, आणि शुक्रवार-शनिवार पिठले किंवा येसर आमटी, असा क्रम ठरवला की टाकायला फारसे उरत नाही. कोथिंबीर आणि मेथी न धुता, पिवळी पाने काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी; पानांवर राहिलेले पाणीच त्यांना सडवते. कांदे आणि बटाटे फ्रिजबाहेर पण एकमेकांपासून दूर ठेवावेत. पिकलेली केळी पालेभाजीजवळ ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात. टोमॅटो मऊ पडू लागले की त्याच दिवशी चिरून, लसूण-मिरची घालून तेलात आटवून चटणी करावी. ती फ्रिजमध्ये तीन-चार दिवस पुरते.

प्रश्न : तळणीचे उरलेले तेल पुन्हा वापरावे का? आणि गॅस सिलिंडर पुरवावा कसा? पूर्वी दीड महिना जायचा, आता महिनाही जात नाही.
(एक गृहिणी, जालना)

उत्तर : एकदा तळलेले तेल गाळून, झाकून ठेवून दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरावे, त्यात पुन्हा पुन्हा तळू नये आणि जुन्यात नवे तेल ओतू नये. वारंवार तापवल्याने तेलात जे हानिकारक घटक वाढतात, त्यांची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यव्यावसायिकांसाठी जुलै २०१८ पासून २५ टक्के ठरवून दिली आहे. घरी ते मोजता येत नाहीत, पण तेल काळपट व दाट झाले, फेस धरू लागले किंवा लवकर धुरावू लागले की ते संपले असे समजावे. म्हणूनच कढई लहान आणि खोलगट घ्यावी. कमी तेलात तळण होते आणि उरतेही कमी.

गॅसचे म्हणाल, तर १४.२ किलोचा सिलिंडर तोच आहे, तेव्हा आधी शेगडीची ज्योत पाहा. ती निळी नसून पिवळी असेल आणि भांड्यांची बुडे काळी होत असतील, तर बर्नरची छिद्रे साफ करून घ्या. कुकरची पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक करा. आणि डाळ कोणत्या पाण्यात शिजते तेही पाहा. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांमुळे डाळ आणि हरभरा शिजायला फार वेळ लागतो. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर ते डाळ शिजवण्यासाठी राखून ठेवा. बोअरचे पाणी धुण्या-भांड्यांना चालते. तुरीची डाळ अर्धा तास आणि हरभरा रात्रभर भिजवला की दोन-तीन शिट्ट्या सहज कमी होतात, आणि रोजच्या दोन शिट्ट्यांचा फरक महिनाअखेरीस सिलिंडरवर दिसतो.